घरचा जनरेटर आणि खांबावरचा लाईनमन

मृग नक्षत्र लागले की गोमंतकात विजेचे जाणे-येणे सुरू होते, हे येथील आबालवृद्धांस सांगावयास नको. वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस, माड-फणसांची दाट झाडी, त्या झाडीतून गेलेल्या उघड्या वीजतारा आणि समुद्रावरून येणारे वारे यांचा मेळ असा जमतो, की माडाचे एक वाळलेले चुडत तारांवर पडले तरी अर्धा वाडा अंधारात बुडतो. दिनांक १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे आणि खांब मिळून कोसळले आणि कित्येक गावांना अंधारात राहावे लागले. त्या दिवसांत ज्यांच्या विहिरीवर पंप होता पण पंपाला वीज नव्हती, त्यांना पिण्याच्या पाण्याचीही पंचाईत पडली.

अशा अनुभवानंतर माणूस जनरेटर विकत घेतो, यात नवल नाही. पूर्वी हे यंत्र इस्पितळे, बर्फाचे कारखाने आणि चित्रपटगृहे यांच्यापुरतेच होते. आता ते दुकानदाराकडे आहे, देवस्थानाच्या अग्रशाळेत आहे, पंचायत कार्यालयात आहे आणि पुष्कळशा घरांच्या पडवीतही आहे. यंत्र कसे सुरू करावे हे विक्रेता शिकवितो. ते इमारतीच्या वायरिंगला कसे जोडावे, ही गोष्ट मात्र बहुधा ज्याच्या-त्याच्या कल्पकतेवर सोडलेली असते, आणि सगळा धोका नेमका त्या जोडणीत आहे.

प्रस्तुत लेखकाने हा प्रकार प्रथम एका शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिला. नाटकाचा दुसरा अंक चालू असताना वीज गेली. गावातील एका हौशी तरुणाने छोटा पेट्रोल जनरेटर आणला, दोन्ही टोकांना पिना बसविलेली एक वायर काढली, तिचे एक टोक जनरेटरला लावले आणि दुसरे मुख्याध्यापकांच्या खोलीतील भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खुपसले. क्षणार्धात सगळी शाळा उजळली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. त्या सॉकेटमधून वीज केवळ शाळेच्या दिव्यांकडेच नव्हे, तर मीटरमधून मागे, रस्त्यावरच्या खांबाकडेही निघाली असेल, हा विचार तेव्हा कोणाच्याही मनाला शिवला नाही.

ट्रान्सफॉर्मरची उलटी चाल

विजेच्या तारेला दिशा ठाऊक नसते. पाण्याच्या नळाला असते तशी एकाच बाजूला उघडणारी झडप घरच्या वायरिंगमध्ये नाही. मेन स्विच चालू असेल, तर घरात कोठेही सोडलेली वीज मेन स्विच आणि मीटर ओलांडून सर्व्हिस वायरने खांबावर पोचते. खांबावरून ती शेजाऱ्यांच्या घरांत जाते आणि त्या वाड्याला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपर्यंतही जाते.

पुढचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. ट्रान्सफॉर्मर म्हणजे एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तारेची दोन वेटोळी. एका वेटोळ्यात फेरे पुष्कळ, दुसऱ्यात थोडे. गावातील नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ११,००० व्होल्टची वीज जास्त फेऱ्यांच्या वेटोळ्यात येते आणि कमी फेऱ्यांच्या वेटोळ्यातून फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये सुमारे २५० व्होल्टचा दाब मिळतो. तारेत थोडा दाब खर्ची पडून तो घरी २३० च्या आसपास पोचतो. म्हणजे दोन वेटोळ्यांचे प्रमाण साधारण ४४ स एक असे झाले. हे प्रमाण दोन्ही दिशांनी सारखेच लागू पडते. खालच्या बाजूस जनरेटरचे २३० व्होल्ट दिले, तर वरच्या बाजूस २३० गुणिले ४४, म्हणजे दहा हजारांहून अधिक व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. पडवीतले लहानसे यंत्र अशा रीतीने, मालकाच्या नकळत, उच्चदाब वाहिनीला जिवंत करू शकते.

आणि त्याच वेळी त्या वाहिनीवर माणूस काम करीत असतो. वीज गेली आहे म्हणूनच तो तेथे आला आहे. त्याने सबस्टेशनशी बोलून वाहिनी बंद करून घेतली आहे, जवळचा स्विच उघडला आहे, आणि आता तुटलेल्या तारेचे टोक तो हाती घेणार आहे. त्याच्या हिशेबी ती तार मृत आहे. तिच्यात वीज येण्याचा एकच मार्ग उरला आहे, आणि तो कोणाच्या तरी घरातून येतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लाईनमनने तार अर्थ करून मगच काम करावयाचे असते ना? होय, तसा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. उच्चदाब वाहिनीवर डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय हात घालू नये, हे प्रत्येक लाईनमनला शिकविलेले असते. पण भर पावसात, रात्री, एका गावात पाच ठिकाणी तारा तुटलेल्या असताना, घरगुती दाबाच्या प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी अर्थ करणे प्रत्यक्षात किती वेळा होत असेल, याचा वाचकांनीच विचार करावा. सत्तरी भागात एका अनुभवी लाईनमनशी बोलण्याचा योग आला असता त्याने सांगितले, की पावसाळ्यात खांबाला शिडी लावण्यापूर्वी तो क्षणभर उभा राहून कान देतो. आसपास कोठे जनरेटरची घरघर ऐकू आली, तर आधी त्या घरी जाऊन येतो. त्याची ही सावधगिरी वाखाणण्याजोगी आहे. मात्र त्याचा जीव पावसाच्या आवाजावर अवलंबून असावा, ही काही चांगली व्यवस्था नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की आमचा जनरेटर एवढासा; साऱ्या वाड्याचा भार अंगावर आला की तो आपोआप बंदच पडेल. पुष्कळदा असे होते हे खरे. परंतु तार आपल्याच घराच्या पुढे तुटली असेल, किंवा खांबावरचे फ्यूज काढलेले असतील, तर जनरेटरला वाड्याचा भार दिसतच नाही. त्याच्यापुढे फक्त तारेचा एक तुकडा असतो, आणि तो तुकडा तो आरामात जिवंत ठेवतो. शिवाय माणसाचा प्राण जाण्यास किती वीज लागते? नऊ वॅटच्या एलईडी दिव्यातून वाहणारा प्रवाह सुमारे ४० मिलिअँपिअर असतो. जीवरक्षक म्हणून घरोघरी बसविले जाणारे आरसीसीबी हे उपकरण ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडते, कारण त्यापुढचा प्रवाह हृदयाला घातक ठरू शकतो. म्हणजे एक दिवा लावू शकणारा जनरेटरही या कामापुरता मोठाच आहे.

धोका लाईनमनपुरताच आहे असेही नाही. जनरेटर चालू असताना बाहेरची वीज परत आली, तर दोन वेगवेगळ्या लयींनी चाललेल्या विजा समोरासमोर येतात. त्यांतली एक अवघ्या भारताच्या वीज-जाळ्याची, दुसरी पडवीतल्या इंजिनाची. कोण हरणार हे सांगावयास नको. जनरेटरची वेटोळी जळतात, कधी वायरिंग पेटते. आणि ती दोन्ही टोकांना पिना असलेली वायर? तिचे एक टोक सॉकेटमधून निसटले, की उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट उभे असतात, आणि अंधारात ती वायर चाचपडत शोधणारा हात बहुधा घरातल्याच कोणाचा तरी असतो. अशी वायर घरात असेल तर तिची एक पिन आजच कापून टाकावी.

आठवणीवर नव्हे, यंत्रणेवर

‘आम्ही आधी मेन स्विच बंद करतो आणि मगच जनरेटर लावतो’ असे सांगणारे गृहस्थ भेटतात. ते खोटे बोलत नाहीत; ते शंभरदा तसे करीतही असतील. पण एखाद्या रात्री घरात आजारी माणूस असतो, पावसाचे पाणी आत येत असते, गृहस्थ स्वतः परगावी असतात आणि जनरेटर त्यांचा पुतण्या लावतो. त्या रात्री मेन स्विच चालू राहतो. म्हणून या बाबतीत एकच नियम ग्राह्य मानावा: बाहेरची वीज आणि जनरेटरची वीज ही दोन्ही एकाच वेळी वायरिंगला जोडता येणेच अशक्य झाले पाहिजे. चूक करावयाची म्हटले तरी करता येऊ नये, अशी ती जोडणी हवी.

हे काम करणाऱ्या उपकरणास चेंजओव्हर स्विच म्हणतात. त्याच्या दांड्याला तीन जागा असतात. एका बाजूस खात्याची वीज, दुसऱ्या बाजूस जनरेटर, आणि मधल्या जागी दोन्ही बंद. दांडा एकच असल्यामुळे तो एका वेळी एकाच बाजूस असू शकतो. या साधेपणातच सारी सुरक्षितता आहे. तो मीटर व मेन स्विच यांच्या नंतर आणि घरातील वितरण पेटीच्या आधी बसवावयाचा असतो.

खरेदी करताना व बसविताना तीन-चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. सिंगल फेज जोडणीसाठी तो दोन पोलचा आणि थ्री फेजसाठी चार पोलचा असावा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटली पाहिजे. न्यूट्रलमध्ये काय असते, असे वायरमनसुद्धा कधी कधी म्हणतात. नीट जोडलेल्या न्यूट्रलमध्ये फारसा दाब नसतो हे खरे. पण जनरेटरच्या दोन तारा उलट-सुलट जोडल्या गेल्या, तर त्याचे जिवंत टोक खात्याच्या न्यूट्रलवर येऊन बसते, आणि ती न्यूट्रल तार थेट खांबापर्यंत गेलेली असते. पुष्कळ घरांत थ्री फेजमधली एक फेज गेली की दुसरी घेण्यासाठी फिरवावयाचा स्विच असतो. त्यातलीच एक जागा जनरेटरला देऊन काम भागविण्याची युक्ती काही ठिकाणी दिसते. अशा स्विचमध्ये न्यूट्रल तुटत नाही. तो चेंजओव्हर नव्हे. त्याचप्रमाणे दोन एमसीबी शेजारी-शेजारी बसवून ‘एक पाडा, मग दुसरा उचला’ असे सांगणे हाही चेंजओव्हर नव्हे, कारण दोन्ही एकदम उचलण्यास तेथे कोणीच हरकत घेत नाही. दोहोंमध्ये यांत्रिक अडसर असेल तरच ती जोडणी मान्य करावी.

चेंजओव्हरची क्षमता जनरेटरपुरती नव्हे, तर त्यातून जाणाऱ्या खात्याच्या विजेला पुरेल इतकी हवी. एरवी वर्षभर साऱ्या घराचा भार त्याच्यातूनच जाणार असतो. जनरेटर लहान असेल तर यावर एक चांगला तोडगा आहे. दिवे, पंखे, शीतकपाट अशा मोजक्या जोडण्या वेगळ्या काढून त्यांची स्वतंत्र छोटी पेटी करावी आणि चेंजओव्हर फक्त त्या पेटीला द्यावा. गीझर आणि इस्त्री बाहेरच राहिल्यामुळे जनरेटरवर नको तो भार चुकूनही पडत नाही.

हिशेब कसा करावा याचे एक उदाहरण देतो. तीन केव्हीएच्या जनरेटरमधून २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर मिळतात. एक अश्वशक्तीचा विहिरीचा पंप चालताना साधारण सहा-सात अँपिअर घेतो. तेव्हा तो सहज चालावा असे वाटते. परंतु मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्या क्षणी जनरेटर घुटमळतो, दाब खाली जातो आणि त्या कमी दाबाचा फटका चालू असलेल्या शीतकपाटाच्या मोटरलाही बसतो. पंप चालवावयाचाच असेल तर जनरेटर त्या मानाने मोठा घ्यावा.

चेंजओव्हर बसविणे ज्यांना इतक्यात शक्य नाही, त्यांच्यासाठी एक मार्ग पूर्णपणे निर्धोक आहे, तो म्हणजे घराच्या वायरिंगला हातच न लावणे. जनरेटरच्या सॉकेटमधून चांगल्या जाडीची, अर्थची तार असलेली एक्स्टेन्शन वायर आत आणावी आणि दोन दिवे, एक पंखा असे जे हवे ते थेट तिलाच लावावे. थोडे गैरसोयीचे आहे. पण खांबाकडे जाणारी वाटच त्यात नाही.

बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर घाईघाईने वायरिंगला जोडला असेल तर त्यालाही वरील सर्व लागू पडते. छपरावरच्या सौर संचाची गोष्ट थोडी निराळी आहे. खात्याच्या वाहिनीशी जोडलेला संच बाहेरची वीज गेली की आपण होऊन बंद होतो. ऐन उन्हात वीज गेल्यावर आपला सौर संच का चालत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी जाणून घ्यावे की तो दोष नसून लाईनमनसाठी मुद्दाम केलेली योजना आहे.

जमीन, धूर आणि पाऊस

जनरेटरच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग हवे. कायम बसविलेल्या जनरेटरचा सांगाडा दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीशी जोडावा, असा जुना दंडक आहे. एक तुटली तरी दुसरी उरते. आपल्याकडे अडचण जमिनीची आहे. जांभ्या दगडाची कोरडी जमीन वीज फार नाखुशीने पोटात घेते. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते. म्हणून खड्डा पुरेसा खोल घ्यावा, त्यात रीतीप्रमाणे कोळसा व मीठ भरावे, उन्हाळ्यात तेथे पाणी घालावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून मोजणी करून घ्यावी.

जनरेटर ठेवावा कोठे? येथे पाऊसच माणसाला चुकीच्या बाजूस ढकलतो. यंत्र भिजू नये म्हणून ते सोप्यावर, पडवीत, क्वचित स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत आणले जाते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्या द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग ग्लानी येते. आणि माणूस झोपलेला असेल तर ही लक्षणे कळण्यापूर्वीच तो बेशुद्ध होतो. खिडकी उघडी ठेवल्याने हा धोका टळत नाही. घरापासून किमान सहा मीटरांवर, वर पत्रे पण चारी बाजू मोकळ्या, अशी लहानशी मांडवी करावी आणि धुराचे तोंड खिडक्या-दारांच्या विरुद्ध दिशेस ठेवावे. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून निवू द्यावे, हे सर्वांना ठाऊक असते, आणि काळोखात घाई झाली की सर्वजण तेच विसरतात.

परवानगी आणि जबाबदारी

वायरिंगमधला हा बदल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घेतला पाहिजे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत जनरेटर बसविणाऱ्याने वीज पुरविणाऱ्यास व विद्युत निरीक्षकास तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी आणि दहा किलोवॅटपेक्षा मोठा संच निरीक्षकाच्या लेखी संमतीशिवाय चालू करू नये, अशी तरतूद होती. पुढे २००३ चा विद्युत अधिनियम आला, आणि त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षिततेचे विनियम प्रथम २०१० मध्ये व नंतर २०२३ मध्ये केले. कोणत्या क्षमतेच्या वरचे संच निरीक्षकाने तपासावेत, हे आता शासनाच्या अधिसूचनेने ठरते. म्हणून खरेदीपूर्वीच वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात चौकशी करावी. पुष्कळांना वाटते की चौकशी केली की अडवणूक होणार. खरे तर कोणत्या घरी जनरेटर आहे हे कार्यालयाला कळले, तर ते त्या खांबावर चढणाऱ्या माणसालाही कळते.

शाळा, पंचायत घरे, देवस्थाने यांच्याबाबत थोडे अधिक लिहिणे जरूर आहे. घरातला जनरेटर निदान घरचाच माणूस चालवितो. सार्वजनिक इमारतीत तो जत्रेपुरता, चतुर्थीच्या मांडवापुरता, मतदान केंद्रापुरता भाड्याने येतो. आणणारा निराळा, जोडणारा निराळा, आणि रात्री चालू करणारा तिसराच कोणीतरी. तेव्हा मुख्याध्यापकांनी व पंचायत सचिवांनी इमारतीत चेंजओव्हर कायमचा बसवून घ्यावा आणि बाहेरून येणाऱ्या जनरेटरसाठी झाकणबंद जोडणी ठेवावी. भाड्याच्या जनरेटरवाल्यास दाखवावयाची जागा तीच. दुसरी कोणतीही नाही.

चेंजओव्हरच्या शेजारी भिंतीवर ठळक मराठी अक्षरांत पुढील क्रम लिहून ठेवावा. हे काम शाळेत एखाद्या सुवाच्य अक्षराच्या विद्यार्थ्याकडे सोपविता येईल. वीज गेल्यावर आधी पंप, शीतकपाट बंद करावे. दांडा मध्यावर आणावा. जनरेटर सुरू करून एक-दोन मिनिटे त्याची चाल स्थिर होऊ द्यावी. मग दांडा जनरेटरच्या बाजूस न्यावा आणि एकेक उपकरण चालू करावे. वीज परत आल्यावर दांडा पुन्हा मध्यावर, मग खात्याच्या बाजूस. जनरेटर आणखी काही मिनिटे विनाभार चालू ठेवून नंतर बंद करावा.

वीज परत आली हे कळावे कसे, असा प्रश्न येथे येतो; कारण घरातले दिवे तर जनरेटरवरच जळत असतात. त्यासाठी चेंजओव्हरच्या आधी, खात्याच्या बाजूस, एक छोटा दर्शक दिवा बसवून घ्यावा. तो पेटला की वीज आली असे समजावे. आणि खात्याची वीज नसताना, जनरेटर चालू असताना तो पेटलेला दिसला, तर आपली वीज कोठून तरी बाहेर जात आहे किंवा शेजारची आत येत आहे, हे ओळखून जनरेटर तत्काळ बंद करावा व १९१२ या क्रमांकावर कळवावे.